स्कूबा लावून भाल्याने मासेमारी : नैतिकता आणि धोके

पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली स्पीअरगनने (भाला सोडणाऱ्या बंदुकीने) किंवा साध्या भाल्याने मासे मारणं म्हणजे स्कूबा स्पीअरफिशिंग. भाल्याने मासे मारणं हजारो वर्षं जुनं आहे, पण ते दम रोखून, फार तर मिनिट-दोन मिनिटं खाली राहून. 1943 मध्ये फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र, म्हणजे अ‍ॅक्वालंग तयार केलं आणि ही दमाची अट निघून गेली. आजचा सगळा वाद तिथूनच सुरू होतो, कारण दम संपला की वर यावंच लागतं ही एकच गोष्ट माशालाही वाचवत होती आणि माणसालाही.

"हे चीटिंग आहे" असा आक्षेप नेहमी घेतला जातो, पण तो तसा वरवरचा आहे, गळवाले आणि जाळंवाले तरी माशाला कुठे समान संधी देतात? खरा मुद्दा खोलीचा आणि वेळेचा. दम रोखून उतरणारे बहुतेक जण 20 मीटरच्या आतच शिकार करतात, त्यामुळे त्याखालचे मोठे मासे आपोआप शिल्लक राहतात. सिलिंडर असला की 30-40 मीटरपर्यंत जाता येतं आणि कपारीसमोर निवांत बसून मासा बाहेर यायची वाट बघता येते. हेकरू म्हणजे ग्रुपर, त्यांच्या बऱ्याच जातींत मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो, म्हणजे सगळ्यात दणकट मासा निवडून मारत गेलं की त्या खडकावरचे नरच संपत जातात. रात्रीचा प्रकार तर सरळ सरळ वाईट. पॅरटफिश रात्री खडकाच्या आडोशाला गाढ झोपतात, काही जाती स्वतःभोवती चिकट पातळ आवरण करून झोपतात, टॉर्च घेऊन गेलेला डायव्हर त्यांना खुराड्यातून कोंबड्या उचलाव्यात तसा एकामागून एक उचलतो.

दुसरी बाजूही आहे आणि ती खोटी नाही. भाल्यात नको असलेले मासे अडकत नाहीत, आमिष लागत नाही, समुद्राचा तळ खरवडला जात नाही, शिकारी बघून निवडून मारतो. फक्त निवड चुकली की दुरुस्ती नाही, गळाला लागलेला छोटा मासा निदान सोडता तरी येतो, भाला आरपार गेलेला नाही. त्यात मास्कमधून पाण्याखाली सगळं साधारण एक तृतीयांश मोठं दिसतं, त्यामुळे नियमात बसणारा वाटलेला मासा वर आणून मोजला की बरेचदा लहान निघतो.

कायदे जागोजागी वेगळे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ मरीन पार्कमध्ये स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) चालतं, स्कूबा नाही. इटली, फ्रान्स, स्पेनमध्ये बंदी आहे. अमेरिकन सामोआने 2001 मध्ये बंद केलं, हवाईच्या बिग आयलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर 2013 मध्ये आणि ग्वाममध्ये 2020 मध्ये बंदी आली. फ्लोरिडाच्या समुद्रात मात्र परवानगी आहे.

धोक्यांचं म्हणाल तर डायव्हिंगचे जे नियम पहिल्या दिवशी शिकवतात ते शिकारीच्या नादात एकेक करून मोडले जातात. 30 मीटरवर दाब वरच्यापेक्षा चौपट, म्हणजे हवाही चौपट वेगाने संपते, आणि भाला लागलेल्या दांडग्या माशाशी झटापट करताना धाप लागते ती वेगळीच, किती हवा उरली ते दाखवणाऱ्या गेजकडे बघायचं राहून जातं. त्याच खोलीच्या आसपास नायट्रोजनची गुंगी चढायला लागते, आणि हातात असते भरलेली बंदूक, बडी, म्हणजे सोबतचा डायव्हर, कुठे आहे ते दिसत नाही. मासा वर पळाला की त्याच्यामागे वर, खाली गेला की खाली, असं वरखाली केलं की बेंड्सचा (शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा) धोका वाढतो. वर येताना मिनिटाला साधारण 9 मीटरच्या आत राहा असं सांगतात, माशाच्या मागे सुटलेला माणूस ते पाळत नाही. दम रोखून डायव्हिंग करणाऱ्यांची तर एक वेगळीच भानगड असते, त्यांना श्वास धरून ठेवायची सवय असते, आणि खोलात सिलिंडरची हवा घेऊन दम रोखून वर आलं की फुफ्फुसातली हवा फुगून फुफ्फुस फाटू शकतं. दोरीत अडकणं, रक्ताच्या वासाने येणारे शार्क हे तर आहेच. मारलेले मासे कमरेला बांधून फिरणं हा त्यातला शुद्ध वेडेपणा, शार्क आला तर तो मासा आणि मांडी असा फरक करत बसत नाही.

नैतिकतेचं गणित उलटं होतं ते लायनफिशच्या बाबतीत. मूळचा हिंद-प्रशांत भागातला हा मासा 1985 मध्ये फ्लोरिडाजवळ पहिल्यांदा दिसला आणि पुढे कॅरिबियनभर पसरला, तिथे त्याला खाणारं जवळजवळ कोणी नाही आणि तो रीफवरची (प्रवाळ खडकांवरची) माशांची लहान पिल्लं फस्त करतो. गळाला तो फारसा लागत नाही, खोलातही राहतो, त्यामुळे स्कूबा लावून भाल्याने मारणं हाच चालणारा उपाय आहे आणि एरवी कडक असलेल्या काही ठिकाणीही त्याच्यासाठी सूट देतात. त्याचे 18 काटे विषारी असतात. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, पण 30 मीटरवर गरम पाणी कुठून आणणार, आणि कळ मारते म्हणून घाबरून थेट वर सुटलं की बेंड्स. म्हणून लायनफिश मारणारे तो दोरीत ओवत नाहीत, भाल्यासकट जाड प्लास्टिकच्या नळकांड्यात कोंबतात आणि भाला मागे ओढून घेतात.