३ मार्च १८७८ की २२ सप्टेंबर १९०८? बल्गेरियाची मुक्ती आणि बल्गेरियाचं स्वातंत्र्य

‘बल्गेरिया ३ मार्च १८७८ रोजी स्वतंत्र झाला’ हे वाक्य सामान्यज्ञानाच्या नोट्समध्ये आणि दिनविशेषांत वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे. त्या दिवशी झाली ती उस्मानी (तुर्की) साम्राज्याच्या राजवटीतून मुक्ती. स्वातंत्र्य जाहीर झालं २२ सप्टेंबर १९०८ रोजी, तीस वर्षांनी.

१८७८ ची हकिकत बहुतेकांना ठाऊक असते: रशिया-तुर्कस्तान युद्ध, त्यातली शिपका खिंडीची लढाई आणि प्लेव्हनचा वेढा, आणि ३ मार्चला ते युद्ध संपवणारा सॅन स्टेफानोचा तह. ती पुन्हा सांगत नाही. मात्र ‘रशियाने देश मोकळा करून दिला’ एवढंच लिहून पुढे सरकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बल्गेरियन क्रांतिकारक वासिल लेव्हस्की गावोगाव गुप्त समित्या बांधत हिंडला आणि १८७३ मध्ये सोफियात फासावर गेला. उस्मानी राजवटीविरुद्धच्या १८७६ च्या एप्रिल उठावाची ठिणगी कोप्रिवश्तित्सा गावात पडली. उठावाचा एक नेता तोदोर काब्लेश्कोव याने तिथून पानाग्युरिश्तेला पाठवलेल्या चिठ्ठीवर ठार झालेल्या उस्मानी शिपायाच्या रक्ताची खूण होती. उठाव चिरडताना बाताकमध्ये कत्तल झाली, तिच्या बातम्यांनी युरोप हादरला आणि मगच युद्धाची वाट मोकळी झाली. शिपक्यावर बल्गेरियन स्वयंसेवकही लढले.

आता खरी गफलत. सॅन स्टेफानोत कागदावर आखलेला मोठा बल्गेरिया प्रत्यक्षात कधी आलाच नाही. त्याचा नकाशा छापून ‘स्वतंत्र बल्गेरिया’ अशी ओळ टाकणं तर थांबवायलाच हवं. त्याच वर्षी जुलैत बर्लिनच्या तहाने त्याचे तुकडे केले. मॅसिडोनिया उस्मानी सुलतानाकडे परत गेला. बाल्कन पर्वताच्या दक्षिणेला पूर्व रुमेलिया नावाचा स्वायत्त प्रांत झाला, त्याची राजधानी प्लोवदिव्ह. उरलं ते बल्गेरियाचं संस्थान, आणि तेही सुलतानाचं मांडलिक.

मांडलिक म्हणजे नेमकं काय? घरात राज्यघटना स्वतःची, विधिमंडळ स्वतःचं, सैन्यही स्वतःचं. पण राजा निवडला तरी त्याला सुलतानाची आणि महासत्तांची मान्यता लागायची. फर्डिनांड १८८७ मध्ये निवडून आला, मान्यता मिळाली १८९६ मध्ये. परदेशांशी व्यापाराचे उस्मानी साम्राज्याने केलेले करार बल्गेरियालाही लागू, त्यामुळे जकातही मनाप्रमाणे बसवता येत नव्हती. १८८५ मध्ये पूर्व रुमेलिया संस्थानात सामील झाला, तरी कागदोपत्री बल्गेरियाचा राजा तिथे सुलतानाचा गव्हर्नर-जनरल म्हणूनच बसला.

हे सगळं एका जेवणाच्या निमंत्रणात उघडं पडलं. सप्टेंबर १९०८ मध्ये सुलतानाच्या वाढदिवसानिमित्त इस्तंबूलमध्ये परदेशी राजदूतांना मेजवानी होती. बल्गेरियाचे प्रतिनिधी इव्हान गेशोव्ह यांना त्यातून वगळलं, कारण मांडलिकाचा माणूस परदेशी राजदूत कसा? सोफियातल्या बल्गेरियन सरकारने त्यांना परत बोलावून घेतलं. त्याच सुमारास संपाच्या निमित्ताने दक्षिणेतला ओरिएंटल रेल्वे या कंपनीचा मार्ग बल्गेरियाने ताब्यात घेतला आणि परत द्यायचं नाकारलं. मग २२ सप्टेंबरला व्हेलिको तर्नोवोच्या चाळीस हुतात्म्यांच्या चर्चमध्ये फर्डिनांडने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि ‘झार’ ही पदवी घेतली. (ही जुन्या दिनदर्शिकेतली तारीख, नव्या हिशेबाने ५ ऑक्टोबर. यावर वाद घालण्यात अर्थ नाही.)

आज बल्गेरियात दोन्ही दिवसांची सुट्टी असते आणि राष्ट्रीय दिन ३ मार्चच आहे, गोंधळाचं मूळ त्यात आहे. माझ्या मते ३ मार्चचा मान तसाच राहावा. तो लोकांच्या रक्ताने मिळवलेला दिवस आहे. पण ‘स्वतंत्र कधी झाला’ याचं उत्तर १९०८ हेच, आणि त्याचीही किंमत मोजावी लागली. तुर्कस्तानने १२.५ कोटी फ्रँक भरपाई मागितली, बल्गेरिया ८.२ कोटींवर अडून बसला. शेवटी रशियाने तुर्कस्तानकडून येणं असलेल्या युद्धखंडणीचे हप्ते सोडून तो तिढा सोडवला, बल्गेरियाचे ८.२ कोटी रशियाच्या खात्यावर गेले, आणि एप्रिल १९०९ मध्ये उस्मानी सरकारने बल्गेरियाला स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता दिली.