तोटा वेगळा, रोकडटंचाई वेगळी: घसरलेल्या फुटबॉल क्लबचे हिशेब वाचताना

शेफिल्ड वेन्सडे या जुन्या इंग्लिश क्लबला पाच-सव्वापाच वर्षांत दोनदा १२ गुणांची शिक्षा सुनावली गेली. पहिली जुलै २०२० मध्ये, दुसरी ऑक्टोबर २०२५ मध्ये. दोन्ही वेळा बातमी एकच वाटली: आर्थिक कारणांवरून गुण कापले. पण ही दोन कारणं एकमेकांपासून फार लांबची होती. २०२० मधली शिक्षा क्लबकडे पैसे नव्हते म्हणून झालेली नव्हती. तोट्याच्या मर्यादेचा नियम मोडला म्हणून झाली. २०२५ मध्ये मात्र खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने रखडले, करखात्याचं देणं थकलं आणि शेवटी क्लब प्रशासकाच्या, म्हणजे देणी भागवू न शकणाऱ्या कंपनीवर कायद्याने नेमल्या जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात गेला.

पहिला आजार तोट्याचा, दुसरा रोकडटंचाईचा. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतून क्लब खाली घसरला की या दोन्हींची भेसळ सुरू होते. ‘क्लबला चार कोटी पौंडांचा तोटा’ असं वाचलं की चाहत्याला वाटतं, आता टाळं लागणार. आणि ‘खेळाडू विकून मोठा नफा’ असं वाचलं की तो निर्धास्त होतो. दोन्ही वेळा तो चुकण्याची शक्यता मोठी आहे.

तोटा हा वर्षाच्या वहीतला आकडा. त्यात प्रत्यक्ष न गेलेला पैसा खर्च म्हणून धरलेला असतो आणि प्रत्यक्ष न आलेला पैसा उत्पन्न म्हणून. समजा, क्लबने २ कोटी पौंडांना खेळाडू घेतला आणि त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला. वहीत दर वर्षी ४० लाख पौंड खर्च पडतो, मग विकणाऱ्या क्लबला पैसे एकरकमी दिलेले असोत की हप्त्यांनी. तीन वर्षांनी वहीत त्या खेळाडूची किंमत उरते ८० लाख. तेव्हा तो १ कोटीला विकला तर वही म्हणते, २० लाख नफा. प्रत्यक्षात घेतला २ कोटीला, विकला १ कोटीला. शिवाय त्या १ कोटीतलाही पहिला हप्ताच हातात आलेला असतो, बाकीचे पुढच्या दोन-तीन हंगामांत.

रोकडीचा प्रश्न याहून साधा आणि याहून निष्ठुर. महिनाअखेर आली, पगार द्यायचे आहेत. बँक खात्यात तेवढे पैसे आहेत की नाहीत? आपल्याकडे ऊस कारखान्याला गेलेला शेतकरी हे दुखणं नेमकं ओळखतो. वजनाची पावती खिशात आहे, कागदावर पैसे त्याचेच आहेत, पण बिल जमा होईपर्यंत तोडणीवाल्याला काय द्यायचं?

रेलिगेशननंतर, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरल्यावर, ही दरी एकदम रुंदावते. प्रीमियर लीगमध्ये अगदी तळाला राहिलेल्या क्लबलाही हल्ली प्रसारण हक्कांच्या वाटपातून सुमारे १० कोटी पौंड मिळतात. खालच्या चॅम्पियनशिपमध्ये गेल्यावर पहिल्या वर्षी पॅराशूट पेमेंट म्हणून यातल्या सगळ्या क्लबना समान मिळणाऱ्या वाट्याच्या ५५ टक्के रक्कम मिळते, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. जो क्लब वर एकच हंगाम टिकला, त्याला तिसरं वर्ष मिळतच नाही. म्हणजे उत्पन्न पहिल्याच उन्हाळ्यात निम्म्याच्या आसपास येतं. खेळाडूंचे करार मात्र जुनेच. घसरण झाल्यास पगार इतके टक्के कमी होईल, असं कलम करारात आधीच लिहून घेतलं असेल तर ठीक. नसेल तर प्रीमियर लीगचा पगार चॅम्पियनशिपच्या उत्पन्नातून द्यायचा.

आता पुण्याकडे येऊ, कारण या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण पुण्याच्या मालकीचं आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी उभारलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे वेंकीजने, नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. १९९५ चा प्रीमियर लीग विजेता, लँकशायरमधल्या गिरणगावाचा क्लब. महिनाभरात प्रशिक्षक सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढलं गेलं आणि ७ मे २०१२ रोजी घरच्या मैदानावर विगनकडून हरून क्लब घसरला. ईवूड पार्क या त्या मैदानावरचा चाहत्यांचा राग तेव्हा जगाने पाहिला.

त्यानंतरचा पहिलाच हंगाम हा पैसा कसा जातो याचा धडाच आहे. स्ट्रायकर जॉर्डन ऱ्होड्ससाठी ८० लाख पौंड मोजले गेले. एकाच हंगामात स्टीव्ह कीन, हेनिंग बर्ग आणि मायकेल अ‍ॅपलटन असे तीन व्यवस्थापक आले आणि गेले. बर्ग यांना ५७ दिवसांत काढलं, आणि कराराच्या उरलेल्या काळाचे साडेबावीस लाख पौंड त्यांनी न्यायालयात जाऊन मिळवले. तेव्हाच्या योजनेत पॅराशूट पेमेंट चार वर्षांचं होतं, पण असा खर्च त्याने भागत नाही. २०१३-१४ च्या हंगामाचा तोटा ४ कोटी पौंडांच्या वर गेला. त्या हंगामाची मर्यादा होती ८० लाख पौंड. परिणामी २०१५ चं जवळपास सगळं वर्ष क्लबवर खेळाडू खरेदीचे निर्बंध होते.

त्या वर्षी क्लब बुडत होता का? नव्हता. तोटा प्रचंड, पण पगार वेळेवर. पुण्याहून वेंकीज लंडन लिमिटेड या कंपनीमार्फत पैसा येत राहिला, कधी कर्ज म्हणून, कधी भागभांडवल म्हणून. २०१७ मध्ये रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत, लीग वनमध्ये गेला तेव्हाही नळ बंद झाला नाही, आणि पुढच्याच वर्षी तो वर आला. मालकांच्या फुटबॉलविषयक निर्णयांवर टीका करायला भरपूर जागा आहे आणि ती टीका मला पटते. पण त्यांनी क्लबला पगारावाचून ठेवलं नाही, हेही तितकंच खरं. ज्यांनी फक्त तोट्याचे आकडे पाहिले, त्यांना रोव्हर्स वर्षानुवर्षं कोसळण्याच्या बेतात दिसत राहिला.

खरी धाकधूक आली ती २०२३ च्या सुमारास, आणि तिचा तोट्याशी थेट संबंध नव्हता. परकीय चलन कायद्याखाली ईडीची चौकशी सुरू असल्यामुळे मालकांना क्लबकडे पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. रकमेवर बँक हमीची अट आली, सुनावण्यांच्या तारखा पुढे जात राहिल्या. चौकशी म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, आणि इथे मुद्दा वेगळाच आहे: मालकाची इच्छा होती, ऐपत होती, तरी पैसा वेळेवर पोहोचेल की नाही हे लँकशायरमध्ये कुणी खात्रीने सांगू शकत नव्हतं. त्याआधी क्लबने याहून मोठे तोटे पाहिले होते. पण इतकी अनिश्चित रोकड त्याने पाहिली नव्हती.

याच काळात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, अ‍ॅडम व्हॉर्टन विकला गेला. ब्लॅकबर्नचाच पोरगा, क्लबच्या अकादमीत घडलेला, जेमतेम वीस वर्षांचा. क्रिस्टल पॅलेसने त्याच्यासाठी सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांचा व्यवहार केला. अकादमीतल्या खेळाडूची वहीतली किंमत शून्य असते, त्यामुळे जवळपास सगळी रक्कम नफा म्हणून दिसते. म्हणूनच तोट्याच्या नियमाने जखडलेले क्लब घरचीच पोरं आधी विकतात. मला या नियमाचं हे टोक अन्यायाचं वाटतं: ज्या खेळाडूशी गावाचं नातं सगळ्यात घट्ट, त्यालाच विकणं हिशेबात सगळ्यात फायद्याचं ठरतं. त्या हंगामात रोव्हर्स शेवटच्या सामन्यापर्यंत लीग वनच्या दारात होता. लेस्टरला त्यांच्याच मैदानावर २-० ने हरवून तो वाचला. व्हॉर्टन त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या युरो संघात होता.

आता पुन्हा शेफिल्डला, कारण तिथे दुखण्याची दुसरी बाजू दिसते. २०२० ची शिक्षा ज्या व्यवहारावरून झाली, तो असा: मालक देजफॉन चानसिरी यांनी हिल्सबरो स्टेडियम क्लबकडून सुमारे ६ कोटी पौंडांना विकत घेतलं, म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलं. वहीत ३ कोटी ८० लाखांचा नफा उमटला आणि मोठ्या तोट्याचं वर्ष किरकोळ नफ्याचं झालं. ही विक्री त्या वर्षाच्या हिशेबात धरता येत नाही, असा निर्णय लागला आणि १२ गुण गेले. अपिलात ते ६ झाले. पण ६ गुणही महागात पडले. २०२०-२१ च्या हंगामात वेन्सडेचे ४१ गुण झाले आणि तो तळाला गेला. ४४ गुणांवर डर्बी काउंटी वाचला. कापलेले ६ धरले असते तर वेन्सडे ४७ वर असता. वहीतल्या एका नोंदीने क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला.

या व्यवहाराने तोट्याचा प्रश्न तात्पुरता झाकला, रोकडीच्या प्रश्नाला मात्र हातही लावला नाही. स्टेडियम क्लबच्या हातून गेलं. अडचणीच्या वेळी तारण ठेवायला क्लबकडे जी सगळ्यात मोठी वस्तू होती, तीच राहिली नाही. क्लबचं चालणं पूर्णपणे एका माणसाच्या खिशावर आलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच मालकांनी करखात्याचं देणं आणि पगार भागवण्यासाठी चाहत्यांकडे २० लाख पौंड मागितले. २० हजार जणांनी प्रत्येकी १०० पौंड द्यावेत, असा हिशेब त्यांनी मांडला. हा इशारा कोणत्याही ताळेबंदापेक्षा स्पष्ट होता. दोन वर्षांनी प्रशासक आले.

प्रशासक येणं म्हणजे काय होतं, हे पोर्टस्मथने २०१० मध्ये दाखवलं. प्रीमियर लीगमध्ये असताना अशा अवस्थेला गेलेला तो पहिला क्लब. दोनच वर्षांपूर्वी त्याने एफए कप जिंकला होता. ९ गुण गेले, घसरण झाली, आणि ८५ कर्मचाऱ्यांना नारळ मिळाला. इंग्लिश फुटबॉलच्या नियमानुसार खेळाडू आणि इतर क्लब यांची देणी पूर्ण चुकती करावी लागतात. बाकीच्यांच्या वाट्याला पौंडामागे काही पेन्स येतात. म्हणजे लाखोंचा पगार घेणारा स्ट्रायकर सुरक्षित, आणि सामन्याच्या दिवशी रुग्णसेवा देणारी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्ससारखी स्वयंसेवी संस्था घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी. तोट्याच्या शिक्षेत संघ गुण गमावतो. रोकड संपते तेव्हा तिकीटखिडकीवरची बाई नोकरी गमावते. दोन्ही बातम्यांना एकाच रंगाचा मथळा देणं मला म्हणूनच खटकतं.

मग नुकत्याच घसरलेल्या क्लबचं भवितव्य कशावरून जोखायचं? तोट्याच्या आकड्यासाठी चॅम्पियनशिपची मर्यादा बरीच वर्षं साधारण तीन वर्षांत ३ कोटी ९० लाख पौंड अशी राहिली आहे. बर्मिंगहॅम सिटी २०११ मध्ये प्रीमियर लीगमधून घसरला होता. त्याने ही मर्यादा सुमारे १ कोटीने ओलांडली आणि मार्च २०१९ मध्ये ९ गुण गमावले. हे पाहायचंच. पण त्याआधी विकलेल्या खेळाडूंचे किती हप्ते यायचे बाकी आहेत आणि घेतलेल्यांचे किती द्यायचे आहेत, ते पाहावं. पॅराशूटचा पुढच्या वर्षाचा हप्ता तारण ठेवून आधीच कर्ज उचललंय का, ते पाहावं. अनेक क्लब तसं करतात, आणि मग तो पैसा येतो तेव्हा खात्यात न थांबता सावकाराकडे जातो. मालकाने दिलेला पैसा कर्ज आहे की भागभांडवल, हेही महत्त्वाचं, कारण मालक बदलताना कर्ज परत मागता येतं. आणि स्टेडियम कुणाच्या नावावर आहे, हे तर सगळ्यात आधी.

हे सगळं नीट असूनही मैदानावर यश मिळेलच असं नाही. ल्यूटन टाउन २०२४ मध्ये प्रीमियर लीगमधून आणि लगेच २०२५ मध्ये चॅम्पियनशिपमधूनही घसरला, तरी पॉवर कोर्टच्या नव्या स्टेडियमची त्याची तयारी थांबली नाही. उलट बर्नली २०२२ आणि २०२४ अशा दोन्ही घसरणींनंतर पॅराशूटच्या बळावर एकेका हंगामात परत वर आला. पहिल्या दोन वर्षांत परत गेलात तर खर्च अंगावर येत नाही. तिसऱ्या वर्षी पॅराशूट वीस टक्क्यांवर येतं आणि जुन्या करारांचं ओझं उघडं पडतं. माझ्या मते क्लबची खरी परीक्षा त्या तिसऱ्या उन्हाळ्यात होते.

इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा मंजूर झाला आणि स्वतंत्र नियामक नेमण्याची वाट मोकळी झाली. क्लबना आता परवाना लागेल, आणि त्यासाठी पैसा कुठून येणार, मालकाने हात आखडता घेतला तर काय करणार, याचा आराखडा द्यावा लागेल. आजवरचे नियम मुख्यतः तोटा मोजत आले. पगाराच्या तारखेला पैसा असेल का, हा प्रश्न कायद्याने उभ्या केलेल्या यंत्रणेने क्लबला हंगामाआधीच विचारण्याची ही पहिली वेळ असेल.