ऑर्किडच्या खोलीसाठी ह्युमिडिफायर घेताय? आधी पाणी दाखवा

शिमगा जवळ आला की दुकानात आणि फोनवर एकच प्रश्न सुरू होतो : "दहा बाय दहाची खोली आहे, चाळीस-पन्नास कुंड्या आहेत, कुठलं मशीन घेऊ?" आम्ही उलट विचारतो, "त्यात पाणी कुठलं घालणार?" मशीन घ्यायला आलोय, पाण्याची चौकशी कशाला, असं काहींना वाटतं आणि ते तसं बोलूनही दाखवतात. हे माहितीपत्रक आधी त्यांच्यासाठी आहे. बंद पडलेलं मशीन घेऊन येणाऱ्यांसाठीही आहे, कारण आमच्याकडे दुरुस्तीला येणारी बहुतेक मशीनं बिघडलेली नसतात, क्षारांनी चोंदलेली असतात.

ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओल घालणारं मशीन, मुळात लागतो कधी, तेवढं आधी सांगतो. पावसाळ्यात बेळगावात, आणि खानापूर-जांबोटीकडे तर नक्कीच, हवेत ओल घालायची गरज नसते. तेव्हा पंखा आणि एक्झॉस्ट लागतो. अडचण येते ती फेब्रुवारीपासून वळवाचे पाऊस सुरू होईपर्यंत. मार्चच्या दुपारी हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली उतरते आणि अथणी-रायबागकडे त्याहून कोरडं वाटतं. फॅलेनॉप्सिस या ऑर्किडला ५० ते ७० टक्के लागतात. उघड्या मुळांवर टांगलेल्या व्हँडा ऑर्किडला त्याच्याही वर. आपल्या घाटातलं सीतेची वेणी हे ऑर्किड झाडावरच उन्हाळा काढतं, पण नर्सरीत जन्माला आलेल्या फॅलेनॉप्सिसला ती सवय नसते. कळ्या पिवळ्या पडून गळायला लागल्या की माणूस आमच्याकडे येतो.

आता पाण्याचं.

बाजारात सगळ्यात जास्त खपतं ते धुकं सोडणारं अल्ट्रासॉनिक मशीन. त्याच्या तळाशी रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती असते. ती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचे अतिशय बारीक थेंब उडवते. इथे पाण्याची वाफ होत नाही, पाणीच फुटून उडतं. त्यामुळे पाण्यात जे विरघळलेलं आहे ते सगळं थेंबाबरोबर खोलीत जातं. थेंब हवेत सुकतो आणि क्षार पानांवर, दिव्यांवर, भिंतीवर आणि आपल्या श्वासात उतरतात.

हिशेब करून बघा. मशीन तासाला ३०० मिली पाणी उडवतं आणि दिवसातून दहा तास चालतं असं धरू. म्हणजे रोज ३ लिटर. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ६०० असेल तर लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार, रोजचे जवळपास २ ग्रॅम आणि महिन्याचे ५० ग्रॅमच्या वर. एवढी पांढरी पूड बंद खोलीत कुठेतरी बसणारच. तेच मशीन टीडीएस ३० च्या आरओ पाण्यावर चालवलं तर महिन्याची पूड ३ ग्रॅमच्या आत राहते.

दर उन्हाळ्यात आम्हाला व्हॉट्सॲपवर पांढऱ्या पडलेल्या पानांचे फोटो येतात आणि खाली लिहिलेलं असतं, "भुरी आलीय, कुठलं बुरशीनाशक मारू?" काहींनी मारूनही झालेलं असतं. फवारणीआधी पान बोटाने पुसून बघा. पूड कोरडी, किंचित खरखरीत लागली आणि पानभर सारखी पसरलेली असली तर ते क्षार आहेत. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला तर बारीक फेस येतो. पिठ्या ढेकूण असेल तर तो पानाच्या बेचक्यात कापसासारखा बसलेला असतो, बोटाखाली चिरडतो आणि चिकट लागतो. क्षार असतील तर पाण्यात थोडा लिंबाचा रस घालून मऊ कापडाने पान पुसा आणि नंतर साध्या पाण्याने पुन्हा पुसून घ्या. औषधाचा खर्च वाचेल, पानही भाजणार नाही.

जी पूड उडत नाही ती चकतीवरच चढते, गिझरच्या कॉइलवर चढते तशी. आधी धुकं कमी होतं, मग मशीन नुसतं गुणगुणतं, मग बंद. पुष्कळजण या टप्प्यावर सुरीने किंवा तारेच्या ब्रशने चकती खरवडतात. तिचा वरचा थर एकदा गेला की चकती बदलण्यावाचून इलाज नसतो. त्याऐवजी लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून चकती बुडेल इतकं घाला, अर्धा तास ठेवा, मऊ ब्रश फिरवा आणि दोन पाण्यांनी धुवा. आठवड्यातून एकदा हे केलं तर मशीन वर्षानुवर्षं चालतं.

क्षारांनी गेलेली चकती आम्ही वॉरंटीत धरत नाही, यावरून दुकानात वादही होतात. आमची बाजू साधी आहे. मशीन बनवणारी कंपनी पुस्तिकेतच तसं लिहिते आणि आम्हाला चकती बदलून देत नाही. म्हणून तर आम्ही विकण्याआधी पाणी तपासतो. बाटलीत अर्धा लिटर पाणी आणा. मीटर बुडवून आकडा तुमच्यासमोर वाचतो आणि बिलावर लिहून देतो. याचे पैसे घेत नाही. टीडीएस १०० च्या खाली असेल तर धुक्याचं मशीन बिनधास्त घ्या. २०० च्या वर असेल तर ते आम्ही तुम्हाला देत नाही, मागितलं तरी. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, पण एप्रिलमध्ये तेच गिऱ्हाईक रागावून दारात उभं राहायला नको.

पाणी घरोघरी वेगळं असतं. राकसकोप किंवा हिडकलचं नळाचं पाणी येतं त्यांना त्रास कमी. खानापूरकडच्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा हलकं निघतं. काळ्या रानातल्या बोअरचं जड. पण शेजारच्या दोन बोअरमध्येही फरक असतो, म्हणून अंदाजावर जाऊ नका. शहरातल्या अनेक घरांत नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत चढतं आणि उन्हाळ्यात बोअरचा वाटा वाढतो. अशांनी जानेवारीतलं पाणी आणून उपयोग नाही, मार्चचं आणा.

पाण्याबद्दलचे काही गैरसमज रोज ऐकायला मिळतात. पाणी उकळून गार केलं की हलकं होतं हे अर्धंच खरं. थोडा चुना तळाशी बसतो, बाकी क्षार तसेच राहतात. सॉफ्टनर लावला असेल तर साबणाला फेस येईल, गिझरही टिकेल, पण सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो आणि पांढरी पूड पडतच राहते. सगळ्यात मोठा घोटाळा आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचा. पाणी वाया घालवायचं नाही ही सवय चांगलीच आहे, पण त्या नळीतून मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार येतात. ते पाणी फरशी पुसायला वापरा, ह्युमिडिफायरला नको.

पावसाचं पाणी मात्र सोनं आहे. रोज ३ लिटरप्रमाणे तीन महिन्यांना २७० लिटर लागतात. पन्हाळीचं पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या आणि नंतरचं गाळून ५०० लिटरच्या झाकणबंद काळ्या टाकीत साठवा. उन्हाळा निघतो, वर झाडांना घालायलाही उरतं.

पाणी जड असेल आणि आरओ किंवा पावसाचं पाणी जमणार नसेल तर पॅडचं मशीन घ्या. यात पंखा ओल्या पॅडमधून हवा ओढतो, पाण्याची खरीखुरी वाफ होते आणि क्षार पॅडमध्येच राहतात. पानांवर पूड नाही, खोली दोन-तीन अंश गारही होते आणि आर्द्रता वाढत गेली की बाष्पीभवन आपोआप मंदावतं, त्यामुळे खोली चिंब होण्याची भीती कमी. तोटाही सांगतो : तळातलं पाणी दिवसेंदिवस जड होत जातं, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ते ओतून टाकावं लागतं आणि जड पाण्यावर पॅड एका हंगामात कडक होतं. तरी पॅड बदलणं चकती बदलण्यापेक्षा सोपं, ते घरी बसवता येतं. घरात लहान डेझर्ट कूलर पडून असेल तर आधी तोच लावून बघा. खोलीचा ओलावा त्यानेच साधला तर आमच्याकडून फक्त आर्द्रता मोजायचा हायग्रोमीटर न्या.

पाणी तापवून वाफ सोडणारं मशीन आम्ही ठेवत नाही. एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या आसपास वीज जाते, वर एप्रिलात खोली आणखी तापते.

मशीन केवढं घ्यायचं? टाकी किती लिटरची हे बघू नका. टाकी मोठी असली तर पाणी कमी वेळा भरावं लागतं, एवढंच. तासाला किती मिली ते बघा. तीस अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प धरते. दहा बाय दहा, उंची दहा फूट, म्हणजे २८ घनमीटर. ३० टक्क्यांवरून ६० वर न्यायचं तर घनमीटरला ९ ग्रॅम, सगळी मिळून पाव लिटर. हे झालं एकदाच्या हवेचं. स्लॅबच्या, दारं-खिडक्या नीट बंद होणाऱ्या खोलीत तासाभरात हवा साधारण एकदा बदलते असं धरलं तर तासाला २५० ते ३०० मिली पुरतात. कौलारू खोलीत हीच हवा तासाला चार वेळा बदलू शकते आणि तोच आकडा लिटरवर जातो. म्हणून कौलारू घरवाल्यांना आम्ही आधी आतून प्लास्टिकचं छत मारायला सांगतो. तो खर्च मोठ्या मशीनपेक्षा कमी येतो आणि तो आमच्याकडे करायचा नसतो.

मशीनबरोबर ह्युमिडिस्टॅट, म्हणजे आर्द्रता बघून मशीन आपोआप चालू-बंद करणारा स्विच, घ्याच. ५५ ला चालू, ६५ ला बंद असा लावा. सेन्सर पानांच्या उंचीवर ठेवा, धुक्याच्या झोतात नको, उन्हात नको. आकड्यावर भरवसा नसेल तर बाटलीच्या झाकणात मीठ आणि थोडंसं पाणी कालवून ते हायग्रोमीटरसोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ च्या जवळ दिसलं पाहिजे.

संध्याकाळी मशीन बंद करा. दुपारची ३२ अंशांची ३० टक्क्यांची हवा पहाटे २० अंशांवर आली की एक थेंबही न घालता पंचावन्न-साठ टक्के होते. त्यात रात्रभर धुकं सोडलं तर पाणी फॅलेनॉप्सिसच्या शेंड्यात साचतं आणि शेंडा कुजतो. छोटा पंखा मात्र रात्रीही चालू राहू द्या, झाडांवर थेट झोत न येईल असा.

आणि पानं सुरकुतली म्हणून लगेच मशीन वाढवू नका. आधी झाड कुंडीतून काढून मुळं बघा. मुळं तपकिरी आणि पोकळ लागत असतील तर हवेचा दोष नाही, पाणी जास्त झालंय. अशा झाडाला आम्ही कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे ताजे तुकडे देतो, ह्युमिडिफायर नाही.

पाऊस लागला की मशीन रिकामं करून, धुऊन, उन्हाआड पूर्ण सुकवून पिशवीत ठेवा. आत पाणी राहिलं तर पुढच्या वर्षी तेच शेवाळ खोलीभर उडेल. पॅड आणि चकत्या आम्ही जानेवारीतच मागवून ठेवतो. फेब्रुवारीत मशीन आणलंत तर साफसफाई त्याच दिवशी करून मिळते. शिमग्यानंतर आठवडाभर तरी थांबावं लागतं.