ती आली की तीं आलीं? टॅबच्या पडद्यामागचा इतिहास आणि नावांचा गोंधळ

दिवाळी जवळ आली की मला एकाच प्रकारचे फोन येऊ लागतात. "टॅब घ्यायचाय, कुठला घेऊ ते सांग." विचारणारे बहुतेक बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा नाहीतर वाडीतले ओळखीचे, वयाने साठीच्या पुढचे. त्यांना खेळ खेळायचे नसतात की चित्रं काढायची नसतात. वाचायचं असतं. बडोद्याच्या मराठी घरांत जुनी पुस्तकं आता कपाटात कमी आणि पीडीएफमध्ये जास्त सापडतात, आणि फोनवर ती वाचवत नाहीत.

बाजारात उत्तम पडद्याचे टॅब आज आहेत, याबद्दल वाद नाही. पण ते कुठल्या नावाखाली आहेत हे दुकानात उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही, आणि हा गोंधळ या वर्षीचा नाही. त्याची मुळं बरीच मागे जातात. ती सांगण्याआधी एक पान दाखवतो.

मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या काकूंना त्यांच्या मुलाने दहा इंची टॅब आणून दिला. खोक्यावर ठळक अक्षरांत 'एचडी' छापलेलं. दोन दिवसांनी काकूंनी मला हाक मारली. "अरे, हे बघ जरा. इथे 'ती आली' आहे की 'तीं आलीं'? चष्मा तर आत्ताच बदललाय." पान साधारण शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचं, स्कॅन केलेलं. मी बघितलं, मलाही सांगता येईना. दोन बोटांनी पान मोठं केलं तेव्हा वेलांटीच्या खांद्यावर एक राखाडी डाग दिसला. तो अनुस्वार होता. गोष्टीत कोणी बाई आलेली नव्हती, मुलं आली होती.

हल्लीच्या मराठीत असा घोटाळा फारसा होत नाही. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले, केवळ व्युत्पत्तीमुळे दिले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत मात्र 'केलें', 'घरांत', 'त्यानें' असे टिंबांचे थवे असतात, आणि त्यांतले काही लिंग आणि वचन ठरवतात. जुनं मराठी वाचणाऱ्यासाठी टिंब हा मजकूर आहे.

आता हिशोब बघा. डेमी आकाराचं पान साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. ते इंचाला ३०० ठिपके या दराने स्कॅन केलं तर १६५० गुणिले २५५० पिक्सेलचं चित्र होतं. त्यात नेहमीच्या टायपातला अनुस्वार चार-पाच पिक्सेल रुंद भरतो. काकूंच्या टॅबचा पडदा १२८० गुणिले ८०० चा, म्हणजे इंचाला सुमारे १४९ पिक्सेल. अख्खं पान त्यावर बसवायचं तर ते निम्म्याहून थोडं लहान करावं लागतं आणि अनुस्वार दोन पिक्सेलवर येतो. रफार, 'द्ध' आणि 'द्भ' यांतला फरक, 'ष्ट' आणि 'ष्ठ' यांतला फरक, सगळ्यांची तीच गत. तेच पान २०४८ गुणिले १५३६ च्या पडद्यावर ऐंशी टक्के आकारात दिसतं आणि टिंब टिंबासारखं उमटतं. 'एचडी' हा शब्द टीव्हीच्या दुनियेतून आला. तिथे ७२० ओळींपासून पुढे सगळं एचडी, आणि टीव्ही आपण आठ-दहा फुटांवरून बघतो. पुस्तक आपण हातभर अंतरावर धरतो.

असे बारीक पडदे आले कुठून? मेजावरच्या संगणकासाठी ते २००१ मध्येच बनले होते. आयबीएमचा बावीस इंची टी२२० हा मॉनिटर ३८४० गुणिले २४०० पिक्सेलचा होता, इंचाला २०४. पण त्याची किंमत घरातल्या माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. ॲपलचा पहिला आयपॅड २०१० मध्ये आला तो ९.७ इंची, १०२४ गुणिले ७६८ पिक्सेलचा, इंचाला १३२. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या आयफोन ४ चा पडदा इंचाला ३२६ होता. त्याला कंपनीने 'रेटिना' हे नाव दिलं. दहा-बारा इंचांवरून बघताना साधारण ३०० च्या पुढे डोळ्याला वेगळे ठिपके दिसत नाहीत, असा त्यामागचा दावा होता. हातातला फोन छापील कागदाच्या जवळ पोचला आणि पुस्तकाच्या आकाराचं यंत्र मात्र मागे राहिलं.

मार्च २०१२ मध्ये तिसऱ्या आयपॅडने ते अंतर भरून काढलं. लांबी-रुंदीत पिक्सेल दुप्पट, म्हणजे एकूण चौपट: सुमारे ३१ लाख, इंचाला २६४. भारतात तो एप्रिलअखेर ३०,५०० रुपयांपासून मिळू लागला. पण यासाठी बरंच काही मोजावं लागलं होतं. एलसीडी पडद्याच्या प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा ट्रान्झिस्टर लागतो आणि तो प्रकाशाची थोडी वाट अडवतो. पिक्सेल जितके लहान, तितका अडवणुकीचा वाटा मोठा. म्हणून मागचा दिवा जास्त प्रखर करावा लागला, त्यासाठी बॅटरी २५ वॉट-तासांवरून ४२.५ वर न्यावी लागली, आणि आयपॅड २ पेक्षा नवं यंत्र जाड आणि जड झालं. नवी पिढी जुनीपेक्षा जड, असं या धंद्यात क्वचित घडतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलने सॅमसंगकडून बनवून घेतलेला नेक्सस १० जाहीर केला. त्याचा पडदा २५६० गुणिले १६००, इंचाला जवळपास ३००. अँड्रॉइडवालेही मागे राहिले नाहीत.

आश्चर्य वाटतं ते पुढच्या काळाचं. २०१२ चा २६४ हा आकडा आयपॅडमध्ये आजही तसाच आहे. २०२४ मध्ये आलेल्या महागड्या आयपॅड प्रोचा पडदा ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा) झाला, काळा रंग खरोखरचा काळा झाला, तरी इंचाला पिक्सेल २६४ च. फक्त छोट्या मिनीचा आकडा ३२६ आहे. यात मला काही गैर वाटत नाही. डोळा एका अंशाचा साठावा भाग ओळखतो असं धरलं, तर पंधरा इंचांवरून सुमारे २३० पुरतात. "इतके पिक्सेल कोणाला दिसतात?" असं म्हणणाऱ्यांचं २६४ च्या पुढे मला पटतं. दीडशेलाही ते तेच म्हणतात, तेव्हा त्यांनी १९२० च्या सुमाराचं एक मराठी पान उघडून बघावं.

आपल्याकडे याच काळात दुसरा प्रवाह वाहत होता. ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत तेव्हाचे शिक्षणमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' आला: सात इंची, ८०० गुणिले ४८०, विद्यार्थ्यांसाठी. त्याचा पडदा नखाने दाबावा लागायचा आणि यंत्र मंद होतं, म्हणून त्याची बरीच टिंगल झाली. गणित केलं तर आकाशची घनता इंचाला १३३ भरते, पहिल्या आयपॅडइतकीच. मला तो प्रयत्न मनापासून आवडला होता. इथे गुजरातेत २०१७ पासून कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना १,००० रुपयांत सरकारी योजनेतले 'नमो टॅब' मिळू लागले. घरात कधी टॅब न आलेल्या कितीतरी कुटुंबांत पहिला टॅब असा आला. पण या यंत्रांमुळे एक समज पक्का झाला की टॅब म्हणजे इंच आणि रुपये. "दस इंचवालो आपो," असंच दुकानात मागितलं जातं. घनता कोणी विचारत नाही आणि खोक्यावर ती सहसा छापलेलीही नसते.

आता नावांकडे वळतो.

नावांचं जंगल टॅबच्या कितीतरी आधीचं आहे. नव्वदच्या दशकात ॲपल 'परफॉर्मा' नावाचे घरगुती संगणक विकत असे. ६२००, ६२०५, ६२१०, ६२१४, ६२१६, ६२१८ असे त्यांचे क्रमांक होते. आत मूळ यंत्र जवळपास एकच. फरक असे तो हार्ड डिस्क, मोडेम, सोबतचे प्रोग्राम यांचा. संस्थापक स्टीव्ह जॉब्स १९९७ मध्ये कंपनीत परतले तेव्हा त्यांनी बहुतेक मॉडेल मोडीत काढली आणि चार घरांचा तक्ता मांडला: घरच्यांसाठी आणि व्यावसायिकांसाठी, मेजावरचा आणि उचलून नेण्याचा. या तक्त्याचं कौतुक अजूनही होतं आणि ते योग्यच आहे. चार घरांत आपलं घर कोणालाही सापडतं.

त्याच कंपनीने २०१२ मध्ये काय केलं ते पाहा. मार्चमधल्या तिसऱ्या आयपॅडला आकडाच दिला नाही, नुसतं 'नवा आयपॅड' म्हटलं. सात महिन्यांत चौथा आला आणि 'नवा' जुना झाला. चौथ्याबरोबर त्याच दिवशी मिनी आला, तो पुन्हा १०२४ गुणिले ७६८ चा. आणि आयपॅड २, तोच १३२ वाला, मार्च २०१४ पर्यंत विक्रीत राहिला. एकाच टेबलावर सारख्या दिसणाऱ्या दोन यंत्रांपैकी एकावर 'तीं आलीं' वाचता येत होतं आणि दुसऱ्यावर येत नव्हतं.

मायक्रोसॉफ्टने २०१२ च्याच ऑक्टोबरात सरफेस आरटी हा टॅब विकायला काढला आणि काही महिन्यांनी सरफेस प्रो. दिसायला भाऊ-भाऊ. पण आरटीवर विंडोजचे जुने प्रोग्राम चालतच नव्हते आणि पडद्यांतही फरक होता: १३६६ गुणिले ७६८ विरुद्ध १९२० गुणिले १०८०. जुलै २०१३ मध्ये न खपलेल्या आरटीपायी कंपनीला ९० कोटी डॉलरचा फटका हिशोबात दाखवावा लागला. नावातला गोंधळ हे त्याचं एकमेव कारण म्हणता येणार नाही, पण घेणारा गोंधळला होता हे नक्की.

सॅमसंगच्या नावांत आकडा वाढला म्हणजे यंत्र वरचं, असं धरून चालत नाही. टॅब ए८ साडेदहा इंची, १९२० गुणिले १२०० चा. त्यानंतरचा टॅब ए९ हा ८.७ इंची, १३४० गुणिले ८०० चा. ए८ च्या रांगेतला खरा वारस म्हणजे ए९ प्लस. 'प्लस' ऐकायचं राहिलं की लहान आणि भरड पडदा घरी येतो. ॲपलकडेही आज 'एअर' हा प्रोपेक्षा जाड आहे. आणि साध्या आयपॅडची घनता २६४ असली तरी त्याची वरची काच आणि पडदा एकमेकांना चिकटवलेले नसतात, मध्ये फट असते. अक्षरं काचेखाली खोल बसल्यासारखी वाटतात आणि खिडकीचा उजेड जास्त चमकतो. हे आकड्यात दिसत नाही, हातात घेतल्यावरच कळतं.

असं का होतं? माझ्या समजुतीप्रमाणे कारण किमतीच्या पायऱ्यांत आहे. जुन्या पडद्याच्या कारखान्याचा खर्च निघून गेलेला असतो, म्हणून जुनं मॉडेल स्वस्तात विकलं तरी परवडतं. मग ते खालच्या पायरीवर ठेवायचं, त्याच्यावर थोडं बरं, त्याच्यावर अजून थोडं बरं. दोन पायऱ्यांमधलं अंतर इतकंच ठेवायचं की माणूस म्हणेल, "अजून चार हजार घातले तर..." विकणाऱ्याच्या बाजूने हे गणित चोख आहे. घेणाऱ्याला मात्र पायऱ्यांची नावं कळतात, पायऱ्यांमधला फरक कळत नाही.

कागदासारख्या दिसणाऱ्या ई-इंक पडद्याच्या वाचनयंत्रांतही हेच झालं. ॲमेझॉनच्या किंडलपैकी व्हॉयेज २०१४ मध्ये आणि पेपरव्हाइट २०१५ मध्ये ३०० पिक्सेलवर गेले, पण साधं किंडल २०२२ पर्यंत १६७ वरच होतं. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर मिळू लागली, त्यांच्या बाबतीत हा फरक इतका टोचत नाही, कारण त्यातलं अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. स्कॅनचं तसं नाही. ते पानाचं छायाचित्र आहे. मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि वाचणारा बोटाने पान ढकलत बसतो.

बडोद्याच्या माणसाला हे जास्त लागतं. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून इथे ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून. पुस्तक हातात येणं आणि ते नीट दिसणं या दोन्हींचा विचार या गावात शंभर वर्षांपूर्वी झाला होता. आठ भाषांतले प्रशासकीय शब्द शेजारी शेजारी देणारा कोश याच संस्थानाने काढला. तसल्या पुस्तकाचं पान भरड पडद्यावर उघडणं मला बघवत नाही.

म्हणून आता कोणी सोबत चल म्हटलं की मी दुकानात नाव विचारत नाही. फोनमध्ये तेच काकूंचं पान ठेवलंय. ते दुकानदाराला पाठवतो, मांडलेल्या टॅबवर उघडायला सांगतो, आणि ज्याला वाचायचं आहे त्याच्या हातात देतो. सयाजीगंजातल्या एका दुकानातला मुलगा पहिल्यांदा वैतागला होता. तिसऱ्या खेपेला त्याने स्वतःच विचारलं, "काका, पेलुं टपकांवाळुं पानुं लाव्या छो?" म्हणजे, ते टिंबांचं पान आणलंय का?

काकूंचा टॅब परत घेतला गेला नाही, मुदत टळून गेली होती. तो आता नातीच्या कार्टूनला आहे आणि त्या कामाला उत्तम आहे. काकूंना त्यांच्या पुण्याच्या भाच्याने आपला दहा-अकरा वर्षं जुना टॅब पाठवला. २०४८ गुणिले १५३६ चा. त्यावर नवे ॲप चढत नाहीत आणि बॅटरी तासाभरात संपते. काकूंनी खाट खिडकीजवळच्या प्लगपाशी सरकवून घेतली आहे. दुपारी चार्जर लावून बसतात, आणि परवा मला म्हणाल्या की त्या पुस्तकाची दोनशे दहा पानं झाली, अजून एकदाही पान मोठं करावं लागलं नाही.