एम.२ घेऊ का एनव्हीएमई? अहो, प्रश्नच चुकतोय

कस्टम लॅपटॉप कॉन्फिगर करायला बसलं की प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स इथपर्यंत मंडळी बऱ्यापैकी डोकं लावून येतात आणि स्टोरेजचा ड्रॉपडाऊन उघडला की गाडी अडते, कारण तिथे एका ओळीत लिहिलेलं असतं '१ टीबी एम.२ एसएसडी' आणि तिच्या खालीच '१ टीबी एनव्हीएमई एसएसडी', किमतीत फरक, आणि फोटो बघावा तर दोन्हीकडे मधल्या बोटाएवढी तीच माहिती साठवायच्या चिपांची पट्टी. मग मेसेज येतो, "अरे, एम.२ चांगली का एनव्हीएमई?" हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की म्हटलं एकदाच लिहून टाकू, पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

तर पहिलं म्हणजे ही तुलनाच होत नाही. हे म्हणजे ए-४ चांगलं का मराठी चांगलं असं विचारल्यासारखं झालं. ए-४ हा कागदाचा आकार, मराठी ही त्यावर लिहायची भाषा. एम.२ हे नुसतं पट्टीचं माप आहे, म्हणजे रुंदी किती, लांबी किती, कनेक्टर कसला, स्क्रू कुठे येणार, बास. आणि एनव्हीएमई म्हणजे ती पट्टी लॅपटॉपशी कुठल्या भाषेत बोलते ते. एम.२ आकाराची पट्टी एनव्हीएमई बोलू शकते, तशीच साटा ही जुनी भाषासुद्धा बोलू शकते, आणि लोच्या सगळा इथेच आहे. तेव्हा खरी जोडी 'एम.२ साटा' आणि 'एम.२ एनव्हीएमई' ही. ड्रॉपडाऊनमध्ये नुसतं 'एम.२ एसएसडी' लिहिलं असेल आणि पुढे काहीच नसेल तर ती साटा असायची शक्यता धरूनच चाला आणि विचारून घ्या.

मापाचं पटकन सांगतो. २२८० असा आकडा दिसतो तो म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, २२४२ म्हणजे लांबी ४२, २२३० म्हणजे ३०. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा २२८० असते, पण सगळीकडे नाही, फ्रेमवर्क कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपमध्ये एक जागा २२८० ची आहे आणि दुसरी २२३० ची. या आकड्याचा स्पीडशी काडीचा संबंध नाही, तो कागदाचाच आकार आहे, भाषा नाही.

आता भाषेकडे येऊ. साटा ही हार्ड डिस्कच्या जमान्यातली. साटा ३ ची लाइन ६ गिगाबिटची, त्यातून डेटा सांकेतिक रूपात पाठवायचा खर्च वजा केला की जास्तीत जास्त ६०० एमबी प्रति सेकंद उरतात, आणि प्रत्यक्षात साडेपाचशेच्या आसपास मिळतात. फिरती तबकडी शेदीडशे एमबी द्यायची तेव्हा हे भरपूर होतं. एसएसडी आल्यावर आतली चिप धावायला तयार आणि रस्ता मात्र गल्लीएवढा, अशी अवस्था झाली. एनव्हीएमई त्या गल्लीतून जातच नाही, ती पीसीआयई नावाच्या रुंद रस्त्याच्या लेनवरून थेट जाते, ग्राफिक्स कार्ड ज्या रस्त्यावर असतं त्याच जातीच्या रस्त्यावरून. चार लेन धरल्या तर जेन ३ वर, म्हणजे पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीवर, सेकंदाला साधारण ३५०० एमबी, जेन ४ वर ७००० च्या आसपास, जेन ५ वर त्याच्याही दुप्पट.

पण नुसता रस्त्याच्या रुंदीचा फरक नाही हा. साटाबरोबर एएचसीआय नावाची जी जुनी पद्धत येते तिच्यात एकच खिडकी आणि त्या खिडकीवर ३२ जणांची रांग. फिरत्या डिस्कला ते बरोबर होतं, कारण वाचणारं डोकंच एक, ते बिचारं एका वेळी एकाच जागी जाणार. एनव्हीएमईचा पहिला नियमसंच २०११ साली आला तोच मुळी फ्लॅश चिप डोळ्यासमोर ठेवून, त्यात ६५ हजारांवर खिडक्या उघडता येतात आणि प्रत्येक खिडकीवर तेवढीच लांब रांग चालते. तेवढ्या खिडक्या घरच्या लॅपटॉपमध्ये कोणी उघडत नाही हा भाग वेगळा, पण प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला आपली स्वतंत्र खिडकी मिळते हे खरं.

हे वाचून कोणालाही वाटेल की मग लॅपटॉप बारापट पटकन चालू होणार. नाही होत. इथे बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना छोट्या छोट्या हजारो फायली वाचल्या जातात, बहुतेक एकामागून एक, आणि त्या कामात बॉक्सवर छापलेला ७००० चा आकडा कधी उगवतच नाही, तिथे चांगली एनव्हीएमईसुद्धा सेकंदाला शंभर एमबीच्या आतच घुटमळते आणि साटा तिच्या निम्म्याच्या आसपास. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आल्यावर जो "अरे बापरे" क्षण येतो ना, तो साटावरून एनव्हीएमईवर जाताना येत नाही. मोठी फाइल हलवताना मात्र फरक डोळ्यांना दिसतो, ५० जीबीचं व्हिडिओ फोल्डर साटावरून वाचायला १०० सेकंद आणि जेन ३ एनव्हीएमईवरून पंधराच्या आसपास, अर्थात समोरचा ड्राइव्हही तेवढ्या वेगाने लिहून घेणारा असेल तर, नाहीतर तुम्ही कितीही वेगाने वाढा, जेवणारा आपल्याच वेगाने जेवणार.

आता माझा स्वतःचा किस्सा. जुन्या लॅपटॉपच्या माहितीत लिहिलं होतं 'दोन एम.२ स्लॉट'. पहिल्यात आधीचा ड्राइव्ह होता, म्हटलं दुसऱ्यात १ टीबी एनव्हीएमई टाकू, घेतली, मागचं झाकण उघडलं, पट्टी तिरकी सरकवली, अलगद दाबून आडवी केली, स्क्रू लावला, सगळं कसं छान बसलं. चालू करून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, बघतो तर दुसरा ड्राइव्ह गायब. परत काढली, परत लावली, पिना कापडाने पुसल्या, तीनदा तेच. पट्टी मेलेली आली म्हणून अर्धी संध्याकाळ बोटं मोडली. मग डोक्यात आलं की पहिल्या स्लॉटमध्ये टाकून बघावी, तर तिथे पहिल्या फटक्यात दिसली! शेवटी सर्व्हिस मॅन्युअल शोधून काढलं, त्यात एका कोपऱ्यातल्या तक्त्यात बारीक अक्षरात होतं, दुसरा स्लॉट फक्त साटा. म्हणजे पट्टी धडधाकट, स्लॉट धडधाकट, दोघं आपापल्या भाषेत बोलत बसलेले आणि एकाचं दुसऱ्याला काही कळत नव्हतं. पाकीट फोडलेलं असल्यामुळे दुकानदाराने परतही घेतली नाही.

तेव्हा कुठेतरी वाचलेलं असतं की खाचेवरून ओळखता येतं, ते अर्धंच खरं आहे. सोनेरी पिनांच्या कडेकडे बघा, दोन खाचा असतील, म्हणजे कड तीन तुकड्यांत विभागलेली असेल, तर ती बहुतेक साटा. एकच खाच आणि बाजूला ५ पिनांचा छोटा तुकडा असेल तर ती बहुतेक एनव्हीएमई. 'बहुतेक' म्हणतोय कारण दोन लेनवाल्या काही एनव्हीएमईनाही दोन खाचा असतात. आणि दोन खाचांची साटा पट्टी एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये मजेत बसते, स्क्रूही लागतो, फक्त त्या स्लॉटला साटाची वायरिंग नसेल तर चालत नाही. बसलं म्हणजे चाललं असं इथे नाही, माझंही बसलंच होतं की. त्यामुळे खाच बघत बसण्यापेक्षा लेबल वाचा आणि स्लॉटची माहिती मागा.

आणि स्लॉटचीच माहिती कॉन्फिगरेटर सांगत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. कस्टम लॅपटॉप म्हणजे सगळं कस्टम असं नसतं बरं का, बरेच विक्रेते क्लेव्हो, टाँगफांग असल्या कंपन्यांचं तयार चॅसिस, म्हणजे मदरबोर्डासकटचा सांगाडा, घेतात आणि त्यात रॅम, एसएसडी, वायफाय कार्ड एवढं तुमच्या पसंतीचं भरतात. मदरबोर्ड आधीच ठरलेला, कुठल्या स्लॉटला कुठली वायर गेलीय तेही ठरलेलं. म्हणून ऑर्डरच्या आधी चॅसिसचा मॉडेल नंबर विचारा आणि दोन्ही स्लॉटबद्दल वेगवेगळं विचारा: किती लेन, कुठली जनरेशन, साटा चालतं का, लांबी किती, आणि दोन्ही बाजूंना चिपा असलेली पट्टी मावते का. शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण पातळ लॅपटॉपमध्ये खालच्या बाजूच्या चिपा बोर्डाला टेकतात आणि पट्टी नीट बसत नाही. पहिला स्लॉट जेन ४ चा आणि दुसरा जेन ३ चा किंवा दोनच लेनचा, असं सर्रास असतं. चालतं ते, वेगवान पट्टी हळू स्लॉटमध्ये टाकली तर गुपचूप हळू चालते, काही बिघडत नाही, फक्त जास्तीचे पैसे वाया.

मग टिक कशावर करायची? नवा लॅपटॉप असेल तर एनव्हीएमई, यात विचार करण्यासारखं काही नाही. साटा पट्टी घ्यायची ती स्लॉट फक्त साटा असेल तेव्हाच, माझ्यासारखा. जेन ५ लॅपटॉपमध्ये मी तरी घेणार नाही, आधीच्या जेन ५ पट्ट्या जोरात काम करताना १० वॅटच्या आसपास खातात, आणि ती सगळी उष्णता निघणार कुठे, तर पंख्यापासून लांब झाकणाखालच्या बंद फटीत. तापली की पट्टी स्वतःच वेग कमी करते, म्हणजे घेतली जेन ५ आणि चालली जेन ४, वर बॅटरी गेली ती वेगळीच.

जेन ४ का जेन ३ यावर लोक तासभर भांडतात, पण त्यापेक्षा आत चिप कुठली आहे ते जास्त महत्त्वाचं आणि ते कोणी विचारत नाही. टीएलसी चिपेत एका कप्प्यात ३ बिट मावतात, क्यूएलसीत ४, म्हणून क्यूएलसी स्वस्त पडते पण लिहायला हळू. हा हळूपणा लपवायला पट्टी मोकळ्या जागेचा काही भाग तात्पुरता एक बिट प्रति कप्पा असा वापरते, तोपर्यंत सुसाट, आणि तो भाग भरला की काही क्यूएलसी पट्ट्या चक्क हार्ड डिस्कच्या वेगावर येतात. मोठं फोल्डर कॉपी करताना आधी सरळ वर चढलेला ग्राफ मध्येच कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो तो यामुळेच. ड्राइव्ह भरत आला की मोकळी जागाच कमी, म्हणजे हा सुसाट भागही कमी. म्हणून ५१२ जीबीची जेन ४ आणि १ टीबीची जेन ३ एकाच भावात दिसली तर मी डोळे झाकून १ टीबी घेईन, पण टीएलसी आहे याची खात्री करून. स्वतःचा डीरॅम, म्हणजे हिशेब ठेवायची छोटी वेगवान मेमरी, नसलेली पट्टी चालते, एनव्हीएमईत लॅपटॉपच्या रॅममधला थोडासा तुकडा उसना घ्यायची सोय आहे, रोजच्या वापरात कळतही नाही. साटात ती सोय नाही, तिथे डीरॅम नसणं जास्त जाणवतं. आणि हो, १ टीबी घेतल्यावर विंडोज ९३१ जीबी दाखवणार, कोणी फसवलेलं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे नुसतं '१ टीबी एनव्हीएमई' लिहिलेलं, ना कंपनी ना मॉडेल. तिथे काय येईल ते नशीब. मॉडेल सांगत नसतील तर 'ड्राइव्ह नको' हा पर्याय असल्यास तो घ्या आणि पट्टी स्वतः आणून लावा. फक्त एक सांगून ठेवतो, इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढे बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायॉसमध्ये व्हीएमडी नावाची सेटिंग चालू असते आणि ती असली की विंडोज टाकताना डिस्कची यादीच रिकामी येते. तेव्हा पट्टी मेली असं समजून माझ्यासारखं झाकण उघडत बसू नका, इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्या किंवा विंडोज टाकायच्या आधी ती सेटिंग बंद करा.

घरात आधीच असलेला ड्राइव्ह कुठला ते बघायचं असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा विंडोजवरचा प्रोग्राम उघडा, एनव्हीएमई असेल तर तसं लिहिलेलं असतं, आणि आत्ता किती लेनवर कुठल्या जनरेशनला चालू आहे आणि पट्टीची ऐपत किती हे दोन्ही शेजारी शेजारी दिसतं. लिनक्सवाल्यांना नावावरूनच कळतं, साटा असेल तर 'एसडीए', नाहीतर नावाची सुरुवातच 'एनव्हीएमई' अशी.

जुनी पट्टी काढून बाहेरच्या यूएसबी डबीत घालणार असाल तर तिथेही हाच गोंधळ परत भेटतो, काही डब्या फक्त साटा समजतात, काही फक्त एनव्हीएमई, काही दोन्ही, आणि बॉक्सवर मोठ्या अक्षरात मात्र सगळीकडे 'एम.२' एवढंच. आणि दुसरा स्लॉट सध्या रिकामा ठेवणार असाल तर त्याचा स्क्रू सोबत द्या असं आत्ताच सांगून ठेवा, नंतर तो शोधताना जीव जातो. लॅपटॉपमध्ये त्या स्क्रूच्या आट्यांचं माप बहुतेक वेळा एम२ असतं, मधल्या टिंबाशिवाय, म्हणजे दुकानात जाऊन "एम२ द्या" म्हटलं की समोरचा एसएसडी काढून दाखवतो.