पिसोरी परत जंगलात कशी गेली

तेलंगणातल्या अमराबाद व्याघ्र प्रकल्पात २०१७ला आठ पिसोऱ्या सोडल्या, ही बातमी बऱ्याच जणांनी वाचली असेल, पण खरी गोष्ट त्याआधी सात वर्षं हैदराबादच्या नेहरू झूमध्ये सुरू झाली.

आधी पिसोरी म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्या सह्याद्रीत असूनही ती फार कमी लोकांनी पाहिलीय. इंग्रजी नाव माऊस डिअर, पण ना उंदीर ना खरं हरीण. वजन जेमतेम दोन ते चार किलो, म्हणजे घरातल्या मांजरीएवढी, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, नराला शिंगं नाहीतच, उलट वरच्या जबड्यातून बारीक सुळे बाहेर येतात. रवंथ करते पण पोटाला गाई-म्हशींसारखे चार नाही, तीनच कप्पे. खूप जुनं घराणं आहे हे, शिवालिकच्या खडकांत तिच्या भाऊबंदांचे जीवाश्म सापडतात. फिरते रात्रीची, आणि धोका वाटला की पाचोळ्यात गप्प बसून राहते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात थेट पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीत, पण कायदा कागदावर, रानात बॅटरीचा झोत पडला की ही जागीच थिजते आणि शिकाऱ्याचं काम सोपं होतं, शिवाय फासे आणि गावची कुत्री आहेतच. असा लपून राहणारा प्राणी एखाद्या जंगलातून संपला तरी कुणाला पत्ता लागत नाही, वाघाचं तसं होत नाही ना!

तर २०१०ला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या पैशातून नेहरू झू आणि सीसीएमबी या हैदराबादच्याच जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या लॅकोन्स लॅबने (धोक्यातल्या प्राण्यांवर काम करणारी प्रयोगशाळा) मोजक्या पिसोऱ्यांवर ब्रीडिंग सुरू केलं. ताण येईल म्हणून रक्त काढायचं टाळलं, रोजच्या लेंड्या गोळा करून त्यातले हार्मोन मोजले (हे काम कुणाच्या वाट्याला आलं असेल देव जाणे). त्यातून कळलं की गाभणकाळ पाचेक महिन्यांचा, आणि व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते. म्हणजे नराला वेगळं कधी ठेवायचं आणि परत कधी सोडायचं हे आता अंदाजावर राहिलं नाही, आणि संख्या शंभराच्या वर गेली.

सोडतानाही एकदम रानात नाही, आधी जंगलातच कुंपण घालून तिथे ठेवल्या, पिंजऱ्यात जन्मलेल्या जीवाला तिथला पाला, वास, आवाज अंगवळणी पडावेत म्हणून.