गाइड कॅप्टन

गाइड कॅप्टन म्हणजे भारत स्काउट्स आणि गाइड्स या संघटनेतील मुलींच्या तुकडीची, अर्थात गाइड कंपनीची, प्रौढ स्वयंसेवी प्रमुख. कंपनीत साधारण 10 वर्षांपासून पुढच्या शाळकरी मुली असतात. त्याहून लहान मुलींच्या बुलबुल विभागात याच कामाला फ्लॉक लीडर म्हणतात, तर 15 ते 25 वयाच्या रेंजर्सना रेंजर लीडर असते. महाराष्ट्रात कॅप्टन बहुधा शाळेतलीच शिक्षिका असते आणि मुली तिला 'गाइडच्या बाई' म्हणूनच ओळखतात. या कामाचा वेगळा पगार नसतो. तास संपल्यावरचा वेळ, सुटीचे दिवस आणि शिबिरातल्या रात्री ती पदरचे देते.

1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील बालवीरांच्या, म्हणजे स्काउट्सच्या, मेळाव्याला काही मुलीही हजर झाल्या आणि त्यांनी आपल्यासाठीही हे हवे म्हणून आग्रह धरला. त्यातून 1910 मध्ये स्काउट चळवळीचे संस्थापक लॉर्ड बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांच्या नेतृत्वाखाली गर्ल गाइड्सची चळवळ उभी राहिली. भारतात पहिली कंपनी 1911 मध्ये जबलपूरला निघाली. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना स्थापन झाली आणि 1951 मध्ये गर्ल गाइड्स तिच्यात सामील झाल्या.

कॅप्टनच्या कामाचा गाभा पेट्रोल पद्धतीत आहे. कंपनीचे सहा ते आठ मुलींचे गट पाडतात. त्यांना पेट्रोल म्हणतात. प्रत्येक पेट्रोलला फुलाचे नाव असते आणि प्रमुख म्हणून त्यातलीच एक मुलगी असते. या प्रमुख मुली कॅप्टनबरोबर बसून सहल कुठे न्यायची, कुणाला कोणते काम द्यायचे हे ठरवतात. बाईंनी मधे न पडणे हेच इथले अवघड कौशल्य आहे. तीन दगडांची चूल नीट पेटत नाही, भाकरी करपते, तंबूचा दोर सैल राहतो. अशा वेळी वर्गात फळ्यापुढे उभे राहून उत्तर सांगायची सवय लागलेल्या शिक्षिकेला हात आवरणे फार जड जाते. पण तंबू मुलीने स्वतः पुन्हा ताणून बांधला, तरच ती गाठ तिची होते. कॅप्टनने डोळ्यांत तेल घालून पाहायचे ते सुरक्षिततेकडे: पाणी, आग, रात्रीचा पहारा, पालकांची लेखी परवानगी.

गाठी, प्रथमोपचार, बिनभांड्यांचा स्वयंपाक, शेकोटी आणि 'खरी कमाई' हे उपक्रम पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. खऱ्या कमाईत मुली स्वतः काम करून किंवा वस्तू विकून पैसे मिळवतात. घरात पैशाचा हिशेब कधीच हाती न आलेल्या मुलीला तो इथे पै-पैसहित मांडावा लागतो. प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार अशी चढण असते. पुरस्कारांच्या मागे लागून कंपनी नुसती नोंदवह्या भरणारी झाली, तर मात्र या चढणीतले सारे बळ जाते.

कॅप्टनलाही शिकावे लागते. बेसिक आणि ॲडव्हान्स्ड शिबिरांनंतर हिमालय वुड बॅज हे प्रशिक्षित नेतृत्वाचे मानचिन्ह मिळते. गळ्यातल्या दोरीला ओवलेले दोन लाकडी मणी ही त्याची खूण. संघटनेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे.

या चळवळीत पुण्याचे स्थान खास आहे. जगभरातील गाइड्सच्या जागतिक संघटनेचे 'संगम' हे केंद्र आळंदी रस्त्यावर आहे. 1966 मध्ये बेडन-पॉवेल यांच्या पत्नी लेडी ओलेव्ह यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. परदेशी तरुणी इथे स्वयंसेवक म्हणून येऊन राहतात. 22 फेब्रुवारी हा लॉर्ड आणि लेडी बेडन-पॉवेल या दोघांचाही जन्मदिवस. तो जगभर चिंतन दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी आपल्या गावच्या मैदानावर बाईंच्या शेजारी उभी राहणारी रेंजर कधी काळी त्याच कंपनीत गाठी शिकलेली मुलगी असते.